सराफ : नाण्यांच्या सीमेवरचं आडनाव

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, नाट्य आणि चित्रपटकलेची राष्ट्रीय अकादमी आहे. तिला क्रस्त्यो साराफोव्ह (1876–1952) या नटाचं नाव दिलेलं आहे. मराठी माणसाला 'नट' आणि 'सराफ' हे शब्द शेजारी दिसले की पुढचं सांगावं लागत नाही. आपले अशोक सराफ आणि हे साराफोव्ह यांचं नातं अर्थातच काही नाही. ग्रीसमध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांशी लढलेल्या एलास या लोकसेनेचे सेनापती स्तेफानोस साराफिस होते. 1971 चा 'व्हॅनिशिंग पॉइंट' हा अमेरिकन चित्रपट दिग्दर्शित करणारे रिचर्ड साराफियन वंशाने आर्मेनियन. आणि 1944 साली ब्रेटन वूड्सला जगातल्या चलनांचे दर एकमेकांशी कसे बांधायचे हे ठरवायला जी परिषद भरली, तिथे भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुखांच्या बरोबरीने मुंबईचे पारशी अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ बसले होते.

ओव्ह, इस, इयन ही शेपटं काढून टाका, श्रॉफमधला इंग्रजी वळणाचा उच्चार सरळ करा, आणि खाली एकच अरबी शब्द उरतो : सर्राफ. बल्गेरियन, ग्रीक, आर्मेनियन, पारशी आणि मराठी, पाच समाजांनी तो आपापल्या घरी नेला. रक्ताच्या नात्यामुळे पसरणारी आडनावं असतात तसं हे नाही. हे आडनाव धंद्यामागे गेलं, आणि तो धंदा जिथे दोन नाणी एकमेकांना भिडत तिथेच चाले.

अरबीत धंद्याचं नाव तयार करायची एक ठरलेली रीत आहे. तीन व्यंजनांचा धातू घ्यायचा, मधलं व्यंजन दुप्पट करायचं आणि पुढे 'आ' लावायचा. ओझं वाहणारा तो हम्माल, मध्यस्थी करणारा दल्लाल, सुगंध विकणारा अत्तार, कापूस पिंजणारा नद्दाफ, कापड विकणारा बझ्झाझ. आपल्याकडे येताना यांतली बहुतेक जोडाक्षरं झिजली आणि हमाल, दलाल, नदाफ, बजाज झाले. अत्तारांनी तेवढं जोडाक्षर राखलं. यांतले कितीतरी शब्द महाराष्ट्रात आडनावं म्हणून नांदतात. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं गाजवणारे चित्रकार दीनानाथ दलाल हे नाव उच्चारताना त्यातली अरबी घडण आता कुणाच्या ध्यानातही येत नाही.

'सर्राफ' त्याच साच्यातला. धातू 'स-र-फ'. वळवणं, फिरवणं, एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणं हा त्याचा गाभा. अरबी व्याकरणात शब्दांची रूपं बदलण्याच्या शास्त्राला 'सर्फ' म्हणतात, आणि बाजारात सोन्याची चांदी नि चांदीचं सोनं करून घेण्याच्या व्यवहारालाही सर्फच म्हणतात.

या व्यवहाराची गरज इतिहासानेच निर्माण केली होती. अरबांनी जिंकलेल्या मुलखाचे नाण्यांच्या दृष्टीने दोन भाग होते. सीरिया आणि इजिप्त हा रोमन वळणाचा, सोन्याच्या नाण्यांचा. इराक आणि इराण हा सासानी वळणाचा, चांदीचा. खलिफा अब्दुल मलिक याने 696–97 च्या सुमारास स्वतःचा सोन्याचा दीनार पाडला, सव्वाचार ग्रॅमचा, आणि पाठोपाठ चांदीचा दिरहमही पाडला, तीन ग्रॅमला किंचित कमी. दोन्ही एकाच राज्याची नाणी, पण दोहोंमधला भाव बाजार ठरवणार. दमास्कसचा व्यापारी बसऱ्याला उतरला की मधे सर्राफ आलाच.

इस्लामी कायद्याची या माणसावर बारीक नजर असे. सोन्याच्या बदल्यात सोनं द्यायचं तर वजन अगदी समान हवं. सोन्याच्या बदल्यात चांदी असेल तर भाव काहीही ठरवा, पण देणं-घेणं त्याच बैठकीत, हातोहात झालं पाहिजे. उधारी शिरली की त्यात व्याज शिरलं असं मानत. एवढ्या कडक चौकटीतूनही सर्राफांनी पतपेढीचा धंदा उभा केलाच. इराणी प्रवासी नासिर खुसरो अकराव्या शतकाच्या मध्यावर इस्फहानला पोचला, तेव्हा तिथल्या एका बाजारात त्याला दोनशे सर्राफ बसलेले दिसले. बसऱ्यात तर त्याने वेगळीच तऱ्हा पाहिली. लोक जवळचा ऐवज सर्राफाकडे ठेवत, त्याची चिठ्ठी घेत आणि दिवसभराची खरेदी त्या चिठ्ठ्यांवर भागवत. रोख पैशाला हात लावायची वेळच येत नसे.

पुढे उस्मानी साम्राज्यात हा शब्द बाल्कनपासून बगदादपर्यंत रुळला. इस्तंबूलच्या गलाता भागातले सर्राफ सरदारांना, सुभेदारांना कर्ज देत. त्यांत आर्मेनियन, ग्रीक आणि ज्यू मोठ्या संख्येने होते. साराफियन आणि साराफिस ही आडनावं याच दुनियेतली. साम्राज्य गेलं, भाषा बदलल्या, देश वेगळे झाले, पण आडनाव राहिलं. अरबी शब्दाचं आडनाव म्हणजे घराणं मुसलमान, असं समीकरण आपल्याकडे सर्रास मांडलं जातं. 'सराफ' हे आडनाव ते पहिल्याच पायरीवर मोडून काढतं, कारण ते लावणाऱ्यांत ख्रिस्ती, ज्यू, पारशी, हिंदू, जैन आणि मुसलमान सगळे आहेत.

हिंदुस्थानात नाणी पारखणारे लोक अरबी शब्द येण्याआधीपासून होतेच. फारसी राज्यकारभाराबरोबर त्यांना सर्राफ हे नाव मिळालं, एवढंच. अकबराच्या टांकसाळीतल्या कामगारांचं वर्णन करताना अबुल फजलने नाण्यांचा कस बघणाऱ्या 'सैरफी'ला मानाची जागा दिली आहे. हा त्याच धातूचा सख्खा भाऊ. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए हिंदुस्थानभर फिरला. त्याचं निरीक्षण असं की सर्राफ नाही असं गाव म्हणजे अगदीच खेडं असलं पाहिजे. तुर्की मुलखात पैशाच्या व्यवहारात निष्णात मानले जाणारे ज्यूसुद्धा इथल्या सर्राफांच्या हाताखाली जेमतेम उमेदवारी करू शकतील, असंही त्याने लिहून ठेवलं.

हे लोक एवढे तयार का झाले, ते तेव्हाच्या रुपयाकडे पाहिलं की कळतं. आज रुपया म्हणजे रुपया. तेव्हा रुपया म्हणजे चांदीचा एक विशिष्ट तुकडा, अमुक टांकसाळीत, अमुक बादशहाच्या अमुक जुलूसवर्षी, म्हणजे राज्यारोहणापासूनच्या वर्षी पडलेला. नवा असताना त्याची पूर्ण किंमत. वर्ष पालटलं की त्यावर 'बट्टा' बसायचा, म्हणजे किमतीत तूट. अठराव्या शतकातल्या बंगालमध्ये ताज्या सिक्का रुपयाची दोन-तीन वर्षांत 'सनवात' म्हणून हलक्या वर्गात रवानगी होई. हिशेबासाठी 'चलनी रुपया' नावाचं एक काल्पनिक माप होतं. असा रुपया कुणी कधी हातात धरला नाही, कारण तो पाडलाच जात नव्हता. पण 100 सिक्का म्हणजे 116 चलनी आणि 100 सनवात म्हणजे 111 चलनी, असं सगळं व्यवस्थित लिहिलं जाई. ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब या हिशेबाने हैराण होत आणि सर्राफांच्या नावाने बोटं मोडत. सर्राफांचं पोट त्यावरच चाललेलं असल्यामुळे त्यांना बोटं मोडायचं काही कारण नव्हतं.

मराठी मुलखात गुंतागुंत याहून जास्त. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी आहे, तीत मोहरा, पुतळ्या, पातशाही होन असे सोन्याच्या नाण्यांचे कितीतरी प्रकार येतात, कारण दक्षिणेत अनेक राज्यांची नाणी एकाच वेळी हातोहात फिरत होती. पेशवाईत तर टांकसाळी गावोगाव झाल्या. पुण्याकडचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी, बागलकोटकडचा मल्हारशाही. प्रत्येकाची चांदी वेगळी, वजन वेगळं, भाव वेगळा. सारा कोणत्या रुपयात भरायचा, लष्कराचा पगार कोणत्या रुपयात द्यायचा आणि दोहोंमधला फरक कुणाच्या खिशात जायचा, हा राजकारणाचाच एक भाग होता.

या गर्दीत सराफ गादीवर बसे. त्याच्यापुढे रुपयांची थैली रिकामी झाली की तो आधी कान लावी. नाणं अंगठ्याच्या नखावरून उडवून दगडी फरशीवर पडू द्यायचं. चांगली चांदी खणखणते, आत शिसं भरलेलं असेल तर बद्द वाजतं. मग बोटं कडेवरून फिरत, कुणी कड कातरून चांदी चोरली आहे का ते बघायला. शंका आलीच तर कसोटीच्या काळ्या दगडावर नाणं घासायचं आणि शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढून दोन्ही रेघांचा रंग ताडायचा. त्यानंतर काटा. पसंत पडलेल्या नाण्यावर पुष्कळदा सराफ स्वतःचा बारीकसा छाप ठोकून ठेवी : फुली, फूल, चांदणी, नुसता ठिपका. पुन्हा तेच नाणं समोर आलं की तपासायची कटकट नको. जुन्या नाण्यांच्या संग्राहकांना हे छाप नकोसे वाटतात; बादशहाचं नाव अर्धं खाऊन टाकलेलं असतं. मला मात्र बिनछापाच्या कोऱ्या रुपयापेक्षा पाच छापांचा रुपया जास्त बोलका वाटतो. तो पाच पेढ्यांवरून फिरून आलेला असतो, आणि पाचही जणांनी त्याला खरा म्हटलेलं असतं.

मराठी बोलीत या गादीचा माल इतका उतरला आहे की आपण तो बिनहिशेबी खर्च करतो. माणूस 'खणखणीत नाणं' असतो, घराण्याच्या 'नावाला बट्टा लागतो', मैत्रीची 'कसोटी' लागते, गुण 'बावनकशी' असतात.

सराफाचं दुसरं अंग म्हणजे हुंडी. पुण्याहून काशीला पाच हजार रुपये न्यायचे तर बैलावर लादून नेण्यात शहाणपण नव्हतं. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरायची, कागद घ्यायचा, काशीच्या पेढीवर दाखवायचा. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळणारी ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे फक्त पतदार सावकारालाच मिळत. जोखमी हुंडी मालाशी बांधलेली. माल बुडाला तर पैसे नाहीत, म्हणजे तिच्यातच विमा आला. हुंडी हरवली तर दुसरी प्रत 'पैठ' आणि तीही गहाळ झाली तर 'परपैठ'. यात वाटेतली चोरी, दोन ठिकाणच्या नाण्यांतला भाव आणि दरम्यानचं व्याज या तिन्हींचा हिशेब 'हुंडावण' या एका आकारणीत बसवलेला असे.

गावपातळीवर हेच नाणं पारखण्याचं काम पोतदाराकडे असे. पाटील-कुलकर्ण्यांनी गोळा केलेला सारा खरा की खोटा हे तो सांगायचा, आणि बहुधा तो जातीने सोनार असायचा. म्हणून पोतदार आणि सराफ ही आडनावं एका अर्थाने चुलत भावंडं. फरक एवढाच की पोतदार वतनाने बांधलेला आणि सराफ बाजारात मोकळा. पोतदार हे आडनाव महाराष्ट्रात जागोजागी भेटतं, सराफ त्या मानाने कमी. माझ्या मते याचं कारण या फरकातच आहे. वतन गावोगाव होतं, पेढी मात्र पेठेच्या गावीच चालायची.

रघुनाथपंतांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. दफ्तरातले काही शब्द त्यामुळे बदलले. बाजाराने आणि घराण्यांनी मात्र आपले शब्द सोडले नाहीत. इनामदार इनामदारच राहिले, सराफ सराफच. पुढे इंग्रजी अमलात शाळा, कोर्ट आणि जमिनीच्या नोंदी आल्या, आणि कागदावर एकदा लागलेलं आडनाव पक्कं झालं. तोवर ते पातळ असायचं. एकाच घरातला एक भाऊ गावावरून ओळखला जायचा, दुसरा धंद्यावरून.

आडनाव पक्कं होत होतं त्याच काळात मूळ धंदा संपत होता. 1835 च्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया लागू झाला : वजन 180 ग्रेन, त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी, वर विल्यम राजाचा मुखवटा. यंत्रावर पाडलेला, कड दातेरी. कातरला तर लगेच दिसणार. बट्ट्याचं अर्धं गणित त्या एका कायद्याने पुसलं गेलं. 1861 मध्ये कागदी नोटा सरकारने स्वतःकडे घेतल्या. पुढे बँका आणि तारेने पाठवलेले पैसे आले आणि हुंडीही आकसत गेली. सराफाकडे उरला तो कसोटीचा दगड, काटा आणि सोन्याचांदीचं ज्ञान. त्याने दागिने विकायला घेतले. आज मराठीत सराफ म्हणजे दागिन्यांचा दुकानदार, आणि नाशिकचा सराफ बाजार म्हणजे दागिन्यांचा बाजार. इंदूरचा सराफा तर दुकानं मिटल्यावर रात्री खाण्यापिण्यासाठी गजबजतो. होळकरांच्या राजधानीतल्या पेढ्यांच्या दारात आता भुट्ट्याचा कीस मिळतो.

एका भागात मात्र जुना धंदा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तग धरून होता. निजामाच्या राज्याचं नाणं वेगळं होतं, हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला लोक 'कलदार' म्हणत, कळीवर म्हणजे यंत्रावर पाडलेला म्हणून. साधारण सात हालीला सहा कलदार असा भाव. औरंगाबाद-जालन्याच्या माणसाला मनमाडकडे जायचं म्हटलं की पैसे बदलून घ्यावे लागत, आणि मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात कलदार हा शब्द परवापरवापर्यंत होता. ते संस्थान मोडण्याच्या लढ्यातल्या आघाडीच्या नेत्यांत गोविंदभाई श्रॉफ होते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. हैदराबाद भारतात विलीन झालं आणि काही वर्षांतच हाली सिक्काही गेला.

श्रॉफ हे सराफचंच दुसरं रूप. गुजरातीत शब्द 'शराफ' असा झाला, पोर्तुगीजांनी तो आपल्या पद्धतीने वाकवला आणि इंग्रजांनी आखूड केला. मुंबई-सुरतेकडच्या पारशी, वाणी आणि बोहरी घराण्यांनी हे इंग्रजी रूप आडनाव म्हणून स्वीकारलं. व्यापाराबरोबर ते चीनपर्यंत गेलं. कँटनच्या परदेशी पेढ्या मेक्सिकोचे चांदीचे डॉलर पारखायला चिनी कारकून ठेवत, त्यांनाही श्रॉफच म्हणत. हाँगकाँगमध्ये आजही गाडीतळावर पैसे भरायच्या खिडकीवर इंग्रजीत 'श्रॉफ' अशी पाटी असते. तिकडे गेलेल्या मुंबईकराला क्षणभर वाटावं की कुणा पारशी गृहस्थाने सगळे गाडीतळ ठेक्याने घेतलेत.

या आडनावाच्या आसपास भुलवणारी काही नावं वावरतात, त्यांना मात्र कुटुंबात धरता येत नाही. सरावगी हे 'श्रावक'वरून आलं. ते जैन उपासक, अरबीशी संबंध नाही. जुन्या ग्रंथांत भेटणारा 'सिराफी' हा इराणच्या आखातावरच्या सिराफ बंदराचा रहिवासी. हिंदुस्थान-चीनच्या सागरी व्यापाराबद्दल लिहिणारा अबू झैद असाच सिराफचा. आणि अशर्फी? ती सोन्याची, ती सराफाच्याच गल्ल्यात, गोव्यात पोर्तुगीजांनी तिच्यावरून आपल्या नाण्याला 'शेराफिम' नाव दिलं. तरी तिचा धातू निराळा, 'श-र-फ', म्हणजे प्रतिष्ठा, शरीफ त्यातलाच. काश्मिरातले सराफ मात्र नक्की आपलेच, तिथे पंडित आणि मुसलमान दोघांतही हे आडनाव आहे. राजस्थानातून आलेल्या मारवाडी सराफांचंही तसंच. महाराष्ट्रातल्या सराफांत तर ब्राह्मण, दैवज्ञ, लिंगायत, जैन असे अनेक समाज आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावरून जात ओळखायला जाणारा हमखास तोंडघशी पडतो.

अशोक सराफ रंगभूमीवर आणि पडद्यावर पूर्णवेळ येण्याआधी कित्येक वर्षं स्टेट बँकेत नोकरी करत होते. आडनावाला इतकं साजेसं काम फार थोड्यांच्या वाट्याला येतं. ए. डी. श्रॉफांचं उदाहरण वर आलंच आहे; खासगी उद्योगांना भांडवल कसं मिळावं यावर 1954 साली रिझर्व्ह बँकेला अहवाल देणारी समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

अरबी जगात हा शब्द आडनावापुरता उरलेला नाही. बँकेला तिथे 'मसरिफ' असाही शब्द आहे. एटीएमला 'सर्राफ आली' म्हणतात, म्हणजे यंत्र-सराफ. दुबई-शारजाच्या रस्त्यांवर पैसे बदलण्याच्या आणि गावी पाठवण्याच्या दुकानांवर 'सिराफा' असं लिहिलेलं असतं, आणि पगाराच्या सुमाराला त्या दुकानांपुढच्या रांगेत रत्नागिरी-रायगडची माणसं हटकून असतात. दिरहमचा आज रुपयात भाव काय, हे ती आधी फोनवर बघतात, मग दोन दुकानांत विचारतात, आणि जिथे दोन पैसे जास्त मिळतात तिथून घरी पैसे पाठवतात.